रक्ताचा थेंब आणि पालकाची सही

विदर्भातील बौद्ध समाजात आणि गडचिरोली, नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे तपासणी व्हायलाच हवी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. आमची चिंता वेगळी आहे. अशी माहिती शासकीय दवाखान्याऐवजी खाजगी कंपनीच्या हाती गेली, तर काय होईल?

अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीने लाळेचे नमुने घेऊन सुमारे दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती जमविली. शुल्क ग्राहकांनीच भरले होते. २०१८ मध्ये एका औषध कंपनीने तिच्यात तीस कोटी डॉलर गुंतविले आणि औषधसंशोधनासाठी या माहितीचा उपयोग सुरू झाला. २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली. त्यांतील ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या विक्रीस मांडल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा ही माहितीच विकाऊ मालमत्ता ठरली.

समाजवार याद्या! जन्मावरून माणसाची पायरी ठरविली जाण्याचे दुःख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांना यातील धोका निराळा समजावून सांगावा लागू नये. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी असते. पण सोयरीक जुळविताना हा भेद कोण पाहतो? त्यातही मुलीकडेच अधिक बोट दाखविले जाते.

चोरीस गेलेला पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. शिवाय ती एकट्याची नसतात. एकाच्या नमुन्यातून भावंडांचीही ओळख उघड होते. अमेरिकेत २००८ पासून नोकरी व आरोग्यविम्यातील जनुकीय भेदभावाला कायद्याने बंदी आहे, जीवनविमा मात्र त्याबाहेर आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, परंतु जनुकीय माहितीचा वेगळा दर्जा त्यात नाही.

वसतिगृहातील मुलांचे पालक पुष्कळदा कामासाठी दूरगावी असतात. अशा वेळी संमतिपत्र आमच्यापुढे येते. नमुना कोणाकडे जाणार, किती काळ राहणार, पुढे कोणाला दिला जाणार, हे त्यावर मराठीत लिहिलेले नसेल, तर आम्ही सही न करता पालकांना फोन लावतो.