मद्याचा अंमल आणि घाटाची वळणे

पोलादपूर मागे टाकून कशेडीने रत्नागिरी जिल्ह्यात शिरणाऱ्या आणि भोस्ते व परशुराम हे घाट ओलांडून हातखंब्याकडे जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर, जिथे मृगाचा पाऊस पूर्ण शुद्धीवरच्या सारथ्याचीही परीक्षा पाहतो, तिथे मद्यपानाने ज्याची दृष्टी संकुचित व प्रतिक्रिया मंद झाली आहे अशा इसमाने गाडी हाकणे ही केवळ बेपर्वाई नसून दखलपात्र गुन्हा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या कसुरीस ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही फर्मावता येतात. अन्य अमली द्रव्यांच्या अमलाखाली बेताल झालेल्यासही हेच कलम लागू आहे. गणवेशातील पोलीस अंमलदार अशा चालकास वॉरंटाविना अटक करू शकतो, मात्र त्याची वैद्यकीय तपासणी २ तासांच्या आत व्हावी लागते.

लिंबूपाण्याने वा कॉफीने नशा उतरते ही समजूत (आणि ती सुशिक्षितांतही मुबलक आहे) निराधार होय. यकृत आपल्याच गतीने, तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात, रक्तातील मद्यार्क कमी करते. म्हणून मध्यरात्री आटोपलेल्या मैफलीचा अंमल पहाटेच्या प्रवासातही शिल्लक असू शकतो.