मुदतीचे काम आणि जागेची वाटणी

मोटारीच्या ब्रेकवर देखरेख करणारा किंवा दुबळ्या हृदयाला ठोका देणारा संगणक आपल्या मेजावरच्या संगणकाहून वेगवान असतोच असे नाही, किंबहुना बहुधा तो मंदच असतो. परंतु त्याचे उत्तर ठरल्या मुदतीत आले नाही, तर ते कितीही अचूक असले तरी चुकीचेच गणले जाते. अशा यंत्रांचा कारभार रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम पाहते, आणि त्या कारभारातले सर्वांत नाजूक खाते मेमरीच्या वाटपाचे आहे.

सामान्य प्रोग्रामची रीत अशी, की गरज पडेल तेव्हा ‘हीप’ नामक सामायिक साठ्याकडे जागेची दरखास्त करावी आणि काम सरताच ती परत जमा करावी. यात दोन संकटे संभवतात. मोकळ्या जागांची यादी चाळताना हवी ती जागा कधी पहिल्याच नोंदीला सापडते, कधी शेवटच्या. आणि सरासरी वेळ उत्तम असून भागत नाही, कारण मुदत पाळायची ती अत्यंत वाईट प्रसंगी. दुसरे संकट तुकड्यांचे. वाटण्या होत होत शेतांच्या चिंधड्या होऊ लागल्या, म्हणून मुंबई इलाख्यास १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. तशीच गत मेमरीची होऊन एकूण शिल्लक पुष्कळ असताही सलग जागा मिळत नाही.

‘स्पिरिट’ या रोव्हरची हकिकत या संदर्भात बोलकी आहे. २००४च्या जानेवारीत मंगळावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या ‘फ्लॅश’ या कायमच्या साठ्यात फायलींचा एवढा संचय झाला, की त्यांची सूची राखणाऱ्या भागाला मुख्य मेमरीत जागा मिळेना. दरखास्त नामंजूर झाली, मागणारे काम स्थगित झाले, आणि प्रणालीने शिरस्त्याप्रमाणे स्वतःला नव्याने सुरू केले. पण सुरू होताच पुन्हा तीच सूची, पुन्हा तीच दरखास्त! साठांहून अधिक वेळा हा फेरा झाला, आणि रात्री निजायचे यंत्र जागे राहून बॅटरी झिजवू लागले. अखेर फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याचा हुकूम पृथ्वीवरून गेला, तेव्हा कुठे ते ताब्यात आले.

याउलट २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो ११च्या संगणकात प्रत्येक कामासाठी मेमरीच्या बारा ‘शब्दांचा’, म्हणजे बारा कप्प्यांचा, एक संच, असे मोजकेच संच आधीपासून राखून ठेवलेले होते. एका रडारच्या निरर्थक संकेतांनी संगणकाचा वेळ खाल्ला, कामे तुंबली, संच संपले आणि १२०२ क्रमांकाचा इशारा झळकला. परंतु जागा संपणार हे योजकांनी आधीच गृहीत धरले असल्याने संगणकाने सारे टाकून देऊन उतरण्यास अत्यावश्यक तेवढीच कामे, नोंदून ठेवलेल्या टप्प्यापासून, पुन्हा हाती घेतली. मला हा बंदोबस्त आजच्या पुष्कळ ऐसपैस प्रणालींहून शहाणा वाटतो.

जागा शोधण्याचा काळ बांधून देणारी टीएलएसएफसारखी युक्ती स्पेनमधील वॅलेन्सियाच्या संशोधकांनी पुढे मांडली खरी; तथापि सावध मंडळी अजून सारख्या मापाचे ठोकळे आधीच कापून ठेवणेच पसंत करतात. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली सुरक्षित प्रोग्रामसाठी दहा नियम प्रसिद्ध केले. त्यांतला तिसरा सांगतो, की प्रारंभीची मांडामांड आटोपल्यावर नवी जागा मागूच नये. लहान यंत्रांत सर्रास आढळणाऱ्या फ्रीआरटॉस या रिअल-टाइम प्रणालीमध्ये वाटपाच्या पाच तऱ्हा मिळतात, आणि त्यांतली पहिली तर दिलेली जागा कधी परतच घेत नाही.