रत्नागिरीतील वैद्यकीय व्यवसाय

रत्नागिरी शहरातील रुग्णालये, खाजगी दवाखाने, शुश्रूषागृहे, रोगनिदान-प्रयोगशाळा आणि औषधविक्री यांचा मिळून झालेला सेवाव्यवसाय. सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील हे जिल्ह्याचे ठाणे मुंबईपासून रस्त्याने सु. 330 किमी., तर आंबा घाटमार्गे कोल्हापूरपासून सु. 130 किमी. दूर आहे. या व्यवसायाची वाढ आणि तिच्या मर्यादा मुख्यतः या अंतरातून उद्‌भवल्या.

आरंभ शासकीय व धर्मादाय संस्थांपासून झाला. येथील मनोरुग्णालय 1886 मध्ये स्थापन झाले. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत ते सर्वांत लहान असून त्याची मंजूर क्षमता 365 खाटांची आहे. मुंबईचे गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरुग्णांसाठीही एक रुग्णालय उभे राहिले. म्हणजे समाजाने दूर ठेवलेल्या रुग्णांची सोय या लहानशा शहरात बरीच लवकर झाली; इतर अवघड दुखण्यांसाठी मात्र दीर्घकाळ आगबोटीने मुंबई गाठावी लागे, किंवा घाट चढून विल्यम वॉनलेस यांच्या मिरजेच्या मिशन रुग्णालयात जावे लागे. पावसाळ्यात आगबोटी बंद असत.

खाजगी व्यवसायाचा पहिला टप्पा कुटुंबाच्या डॉक्टरांचा. कंपाउंडरने बाटलीत भरून दिलेले औषध, बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी आणि सणावारी चुकती होणारी उधारी असे त्याचे स्वरूप होते. पुढे शल्यविशारद व स्त्रीरोगतज्ञ असलेल्या पतिपत्नींनी खाली खाटा व वर बिऱ्हाड अशा पद्धतीने चालविलेली शुश्रूषागृहे महाराष्ट्रातील इतर जिल्हाठाण्यांप्रमाणे येथेही रूढ झाली. अशा गृहांची नोंदणी 1949 च्या अधिनियमाने आवश्यक ठरली.

या वाढीचे कारण लोकसंख्यावाढीत शोधून सापडत नाही. 2001 ते 2011 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटून 16,15,069 झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण 1,122 होते. कर्ती माणसे मुंबईस आणि वृद्ध आईवडील गावी, ही येथील जुनी कुटुंबरचना. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू व अस्थिभंग यांवरील उपचार अशा वस्तीत सतत लागतात आणि त्यांचा खर्च पुष्कळदा चाकरमानी मुलाच्या मिळकतीतून भागतो. जेथे असा आधार नाही तेथे दागिना किंवा आंब्याचे पीक गहाण पडते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2013 मध्ये राज्यभर लागू झाल्यावर (2017 पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने) निवडक उपचारांचा भार शासनाने उचलला; तथापि योजनेत समाविष्ट रुग्णालयातच तिचा लाभ मिळतो.

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली. तिचा परिणाम दुहेरी झाला : ठराविक वारी बाहेरगावचे तज्ञ येऊन रुग्ण तपासू लागले, आणि ऐपतदार रुग्णास मुंबईही जवळ झाली. रात्री अचानक हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा डोक्यास मार लागलेल्या रुग्णाला मात्र या सोयीचा विशेष उपयोग नसतो. त्याला घाट ओलांडून न्यावे लागते तेव्हा वाटेतले दोन-तीन तासच निर्णायक ठरतात. जिल्ह्याच्या उत्तर भागात चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे 1996 मध्ये धर्मादाय न्यासाने सुरू केलेल्या वालावलकर रुग्णालयाने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यास जोडून 2015 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही निघाले.

कोविडच्या साथीच्या आरंभी, 2020 मध्ये, संशयितांच्या घशातील स्रावाचे नमुने रत्नागिरीहून मिरजेस पाठवावे लागत. शहरातील तपासणी-प्रयोगशाळा त्याच वर्षी सुरू झाली. 2023 मध्ये 100 विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे सुरू होऊन जिल्हा रुग्णालय त्याच्याशी संलग्न झाले. पहिल्या तुकडीची आंतरवासिता नेहमीच्या क्रमाने 2029 च्या सुमारास पूर्ण व्हावयाची आहे.