फोटो कातरा, जुळवा, मनातले सांगा

खेड्यातल्या पुष्कळ घरांत ओटीवर किंवा माजघरात एक मोठी काचेची चौकट टांगलेली असते. तिच्यात दहा-पंधरा फोटो दाटीवाटीने बसवलेले असतात. मधोमध फेटा बांधलेले आजोबा, शेजारी थोरल्याचे लग्न, धाकट्याचे जावळ, पंढरपूरच्या वारीतला फोटो आणि कोपऱ्यात कोणाचा तरी पासपोर्टच्या आकाराचा चेहरा. पाहुणा चहा येईपर्यंत त्या चौकटीपाशी उभा राहतो आणि घराची निम्मी माहिती त्याला न विचारता कळते.

निरनिराळे फोटो आणि कागद एकत्र चिकटवून त्यातून नवी गोष्ट सांगायची, या कलेला कोलाज म्हणतात. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडले. मुले शाळेत चिकटकाम करतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

मंडळी, आपल्या चौकटीकडे एकदा नीट पाहा. आजोबा आहेत, बैलजोडी आहे, हार घातलेला नवा ट्रॅक्टर आहे. पण रोज खुरपणीला जाणारी सून कोठे आहे? ती लग्नाच्या फोटोत आहे, मान खाली घालून. त्यानंतर वीस वर्षे तिने भुईमूग उपटला, वाफे भिजवले, गोठा झाडला. त्यातले काहीच चौकटीत नाही. ज्याचे बोलणे घरात कमी ऐकले जाते, तो चौकटीतही कमीच दिसतो.

स्वयंपाकघरातली सुरी

ही उणीव भरून काढायला कात्री आणि डिंक पुरतो, हे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या हाना हॉख या बाईंनी दाखवून दिले. बर्लिनच्या एका प्रकाशन संस्थेत त्या भरतकाम-विणकामाचे नमुने काढीत. मासिकांतले आणि वर्तमानपत्रांतले फोटो कातरून 1919-20 मध्ये त्यांनी एक मोठे चित्र जुळवले. त्याच्या लांबलचक नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. चित्रात पुढारी, सेनापती आणि यंत्रांची चाके यांची गर्दी आहे, आणि कित्येकांची डोकी भलत्याच धडांवर बसवली आहेत. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात युरोपचा छोटा नकाशा आहे. बायकांना मताचा हक्क मिळालेले किंवा मिळू घातलेले देश त्यात दाखवले आहेत. जर्मनीत तो हक्क 1918 मध्ये मिळाला होता. त्या नकाशाच्या कडेला बाईंनी आपला लहानसा चेहरा चिकटवला. भाषण केले नाही, पण म्हणणे कळले.

दुसरे उदाहरण तर शेतकरी बायकांचेच. चीनच्या युनान प्रांतात 1992 च्या सुमारास खेड्यातल्या 62 बायकांच्या हाती कॅमेरे देण्यात आले. त्यांनी शेतातले काम, मुले, आजारपण यांचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोची हकिकत सांगितली. फोटो आणि हकिकती एकत्र करून अधिकाऱ्यांपुढे मांडल्या गेल्या. पाळणाघरे, सुईणींची सोय आणि मुलींच्या शिष्यवृत्त्या यांची गरज त्यातून पुढे आली.

कसे करावे?

आधी एक विषय ठरवा. ‘माझा एक दिवस’ किंवा ‘मला काय हवे आहे’ असा साधा विषय बरा. मोबाइलमध्ये शेकडो फोटो पडून असतात, त्यातले निवडक बाजाराच्या दिवशी तालुक्याहून छापून आणा. जुनी दिनदर्शिका, लग्नपत्रिका, बियाण्याची पाकिटे यांतली चित्रेही चालतात. चिकटवण्यापूर्वी सगळे तुकडे पुठ्ठ्यावर नुसते मांडून पाहा. मोठे काय, मध्यभागी कोण, कोणाच्या जवळ कोण आणि मोकळी जागा कोठे, यातच सगळे बोलणे असते.

काही गोष्टी मात्र सांभाळा. घरात एकच प्रत असलेला जुना फोटो कधीही कातरू नका. त्याची नक्कल काढून ती कातरा. घरी शिजवलेल्या पिठाच्या खळीला कसर आणि झुरळे लागतात, म्हणून हस्तकलेचा पांढरा डिंक पातळ लावावा. काच बसवायची असेल तर कडेने पुठ्ठ्याची पट्टी द्या. फोटो काचेला टेकला तर पावसाळ्यातल्या दमटपणाने तो काचेलाच चिकटतो. असा चिकटलेला फोटो ओढू नका, फाटेल. काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्या. चौकट उन्हात टांगू नका, रंग उडतात.

बोलता न येणाऱ्यांसाठी

अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसाला बहुधा बोललेले कळते, पण उत्तर देता येत नाही. त्याच्यासाठी एका पुठ्ठ्यावर पाण्याचा तांब्या, औषध, पांघरूण, संडास आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा असे मोठे फोटो चिकटवा. बोट ठेवले की समजते. विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसापुढे त्याच्या तरुणपणाचे फोटो एका कागदावर मांडले, तर पुष्कळदा त्याला बोलावेसे वाटते.

मुलांच्या कागदाकडेही शांतपणे पाहावे. आठवीतल्या मुलीने सायकल सर्वांत मोठी आणि घर अगदी कोपऱ्यात लावले, तर रागावू नका. ‘हे इथे का लावलेस, बाळ?’ एवढेच विचारा. शाळेची वाट लांब पडते, एवढेच कदाचित ती सांगत असेल. चित्रात चूक-बरोबर काढत बसलात, तर पुढचा कागद कोराच मिळेल.

सुगी आटोपली की एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून हे करून पाहा. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने ‘माझा एक दिवस’ आपापल्या कागदावर जुळवावा. मग सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावा. कोणाचा दिवस कधी उजाडतो, कोणाचा कधी मावळतो आणि कोणाच्या कागदावर विसाव्याचा एकही फोटो नाही, हे घरातल्या कर्त्याला न सांगता दिसेल. उद्याच्या कामांची वाटणी त्या भिंतीसमोर बसूनच करावी.