टेल : डॉटनेटच्या पोटातली एक छोटी आज्ञा

'डॉटनेट डेव्हलपर पाहिजे' अशी जाहिरात पुण्यात कुणी दिली, की सी शार्प येणारा माणूस हवा असंच सगळे धरून चालतात. संपादकांनी मला विचारलं ते नेमकं याच्या उलट होतं : डॉटनेट हे यंत्र अनेक भाषांसाठी बांधलं होतं ना? मग ते आतून खरंच तसं आहे का?

इतिहास थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने डॉटनेटची घोषणा २००० साली केली आणि पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००२मध्ये आली. टर्बो पास्कल आणि डेल्फी घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग यांची सी शार्प ही नवी भाषा आणि व्हिज्युअल बेसिकचा (म्हणजे व्हीबीचा) नवा अवतार सोबतच उतरले. त्याच्या आधीच 'प्रोजेक्ट ७' नावाच्या उपक्रमात मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या भाषाकारांना आपापली भाषा या यंत्रावर आणून बघायला बोलावलं होतं.

मी सी शार्पमध्ये 'बेरीज' नावाचं दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. देवनागरी नाव कंपायलरने मुकाट घेतलं. मग तेच फंक्शन व्हीबीत लिहिलं आणि दोन्ही फायली फोडून पाहिल्या. दोन्हींच्या आत एकच मधली भाषा होती, जिला सगळे आयएल म्हणतात : पहिली संख्या स्टॅकवर ठेव, दुसरी ठेव, दोन्ही मिळव, परत जा. प्रोग्राम चालू असताना जेआयटी कंपायलर यातून त्या त्या प्रोसेसरच्या आज्ञा बनवतो. फरक फक्त बेरजेच्या आज्ञेत होता. सी शार्पने साधी बेरीज मागितली होती, तर व्हीबीने 'आकडा मावला नाही तर ओरड' अशी बेरीज. व्हीबीची सावध वृत्ती त्या एका आज्ञेत शाबूत होती. यंत्राने दोन्हींना जागा ठेवली होती, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

पण मी खरा अडकलो तो 'टेल' या आज्ञेपाशी.

केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डॉन साइम यांनी घडवलेल्या एफ शार्पसारख्या भाषेत पुन्हापुन्हा करायचं काम बहुतेक वेळा फंक्शनने फंक्शनला हाक मारून होतं. प्रत्येक हाकेला स्टॅकवर एक चौकट चढते. विंडोजवर मुख्य थ्रेडचा स्टॅक एरवी १ एमबीचा. 'संख्या सम आहे का' हे 'एक वजा केल्यावर विषम आहे का' असं विचारणारी आणि 'विषम'ने पुन्हा 'सम'ला विचारणारी जोडी घ्या, आणि तिला १० लाख द्या. चौकटी चढत जातात आणि प्रोग्राम मरतो. ही चूक पकडायची सोयही नाही. 'टेल' सांगते : माझं काम संपलं आहे, पुढच्याला हाक मारण्याआधी माझी चौकट काढून टाक. मग १० लाख हाकांनाही जागा तेवढीच लागते. सी शार्पचा कंपायलर ही आज्ञा कधीच लिहीत नाही. म्हणजे यंत्राच्या मुख्य भाषेला जिची गरज नाही, अशी आज्ञा दुसऱ्यांसाठी पहिल्यापासून आत ठेवलेली आहे.

ती पाळणं मात्र सोपं नाही. हाक मारणाऱ्याच्या जागेत पुढच्याचे आर्ग्युमेंट मावले नाहीत, तर जेआयटीला वळसा घ्यावा लागतो आणि वेग घटतो. ट्राय ब्लॉकच्या आतून ती वापरता येत नाही, कारण ती चौकट पुढे लागणार असते. शिवाय चौकट गेली की चूक शोधणाऱ्याला कोण कुणाला हाक मारत आला याचा मागही उरत नाही. म्हणून एफ शार्पच्या डीबग बिल्डमध्ये 'टेल' एरवी बंद असते. माझी सम-विषमची जोडी रिलीजमध्ये सुखाने चालली आणि डीबगमध्ये कोसळली. हाक खरोखर टेल आहे का, याची कंपायलरकडून ताकीद मिळण्याची सोय एफ शार्पला मिळाली ती २०२३मध्ये.

आणि इथून पुढची काळजी एका आज्ञेपुरती राहत नाही. भाषांनी एकमेकींशी बोलायचं तर सगळ्यांना झेपेल एवढंच बाहेर दाखवावं लागतं. व्हीबीला लहान-मोठी लिपी सारखीच, सी शार्पला ती वेगळी. म्हणून केवळ लिपीच्या फरकाने दोन नावं ठेवायची नाहीत, असा सामाईक नियम आहे. (देवनागरी नावांना हा प्रश्नच पडत नाही.) डायनॅमिक भाषांची वाट आणखी खडतर. जिम ह्युगुनिन हे यंत्र अशा भाषांना का मानवत नाही हे दाखवायला निघाले आणि त्यातून वेगाने चालणारी आयर्नपायथन जन्माला आली. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावरचा हात काढला आणि ती स्वयंसेवकांकडे गेली. मार्च २०२०मध्ये व्हीबीची भाषा म्हणून वाढ थांबवल्याचं जाहीर झालं.

यंत्र मात्र वाढतंच आहे, आणि सी शार्पच्या गरजांच्या दिशेने. मेमरीचा तुकडा नक्कल न करता हाताळणारा स्पॅन हा प्रकार २०१७च्या सुमारास सी शार्पमध्ये आला. एफ शार्पने धावपळ करून पुढच्याच वर्षी तो आपलासा केला. व्हीबीत तो लिहून पाहिला, तर कंपायलर तांबडी रेघ ओढतो आणि या आवृत्तीत हा प्रकार चालत नाही एवढंच सांगतो. त्याची पुढची आवृत्ती तो शिकेल, असं आता कुणी म्हणत नाही.