फादर डेमियन : कुष्ठरुग्णांमध्ये कायमचे राहायला गेलेले धर्मगुरू

१८८४ सालच्या डिसेंबरमध्ये फादर डेमियन यांचा पाय कढत पाण्याने भाजला. फोड आले, पण वेदना जाणवलीच नाही. काय झालंय, हे ते लगेच समजले. त्यांना कुष्ठरोग झाला होता.

डेमियन मूळचे बेल्जियमचे. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. तिथे १८६५ साली कायदा झाला आणि कुष्ठरुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावर पाठवलं जाऊ लागलं. रोगावर औषध नव्हतं, त्यामुळे परतीची वाटही नव्हती.

१८७३ मध्ये ३३ वर्षांचे डेमियन तिथे गेले. धर्मगुरूंनी पाळीपाळीने जायचं, अशी मूळ योजना होती. डेमियन यांनी मात्र कायमचं राहण्याची परवानगी मागितली. त्यांनी जखमा धुतल्या, घरं बांधली, शवपेट्या बनवल्या, कबरी खोदल्या. ते रुग्णांसोबत एकाच भांड्यातून जेवत.

एवढी जवळीक कशासाठी? शुभवर्तमानात येशू कुष्ठरुग्णाला हात लावून बरं करतो. डेमियन यांच्यासाठी श्रद्धेचा अर्थ तोच होता : सेवा दुरून करायची नाही.

१५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचं निधन झालं. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केलं.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लगेच तपासून घ्या. डेमियन यांनी मोजलेली किंमत आज कुणालाच मोजावी लागत नाही. तरीही रुग्णाशेजारी बसायला आपण कचरतो.