आखाजीआधीची वही

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. मालक आकडा सांगतो, आणि तो पुरेल की नाही हे सांगायला सालदाराकडे कागद नसतो. शहाद्यात 1972 साली आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराज आणि तरुण कार्यकर्त्यांनी श्रमिक संघटना उभी केली, तेव्हा जमिनीइतकाच मजुरीचाही प्रश्न होता. आज आपल्याला मजुरी वाढवून मागायची असेल तर आधी घरखर्चाची वही मांडू या.

पहिल्यांदा घरातली खाणारी माणसं मोजावीत. 1957च्या भारतीय श्रम परिषदेनं कमावत्याचं कुटुंब तीन ‘घटकां’चं धरलं. घटक म्हणजे एका मोठ्या माणसाच्या खाण्याचं माप. घटकामागे रोज 2700 कॅलरी, घराला वर्षाचं 72 वार कापड, शिवाय भाडं, सरपण, दिवाबत्ती. पुढे सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य आणि म्हातारपणासाठी 25 टक्के जोडले. घरातले थकलेले आईवडील मात्र या मापात नाहीत. मला हे पटत नाही. आपण त्यांचं वेगळं पान ठेवावं.

मग आठवडे बाजार. ज्वारी, तूरडाळ, तेल, मीठ, मिरची यांचे भाव दर महिन्याला त्याच बाजारात, त्याच मापानं लिहावेत. इथे एक चूक हमखास होते: किलोचा भाव लिहिला जातो. पण मजुराच्या घरी तेल दहा-वीस रुपयांचं येतं, आणि ते महाग पडतं. हातातून गेले तेच पैसे लिहावेत. रेशनचं धान्य वेगळं मांडावं. ऊसतोडीला गेल्यावर ते उचलता आलं नसेल, तर त्या महिन्यांत विकत घेतलेलं धान्यही.

आता भागाकार, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समजा महिन्याचा खर्च 12,000 रुपये आला. 30 नं भागलं तर रोज 400. पण काम 20 दिवसच मिळालं असेल, तर रोजची मजुरी 600 हवी. पोट खाड्याच्या दिवशीही असतं. म्हणून मिळालेल्या कामाचे दिवस वहीत रोज मांडावेत.

यानंतर सरकारी आकडा. शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे ठरावीक वस्तूंची टोपली ठरावीक वर्षी 100 धरून नंतर किती महागली ते सांगणारा आकडा. रोजगार हमीचा दर त्याला बांधून वाढत आला: महाराष्ट्रात 2024-25 साली 297 रुपये, 2025-26 साली 312. त्या टोपलीचं मूळ वर्ष 2025पर्यंत 1986-87 होतं, आणि तिच्यातले खर्चाचे वाटे 1983च्या पाहणीतले. मोबाईलच्या रिचार्जला तिच्यात जागा कुठून असणार?

निर्देशांक 1200 वरून 1260 झाला, तर वाढ 60 अंकांची, पण टक्के पाचच. अर्जात हे दोन्ही एक करू नयेत. आणि मुख्य म्हणजे निर्देशांक फक्त भाव किती चढले ते सांगतो. मुळातली मजुरी पोटाला पुरत होती का, याचं उत्तर आपल्या वहीतच असतं.

शेवटी पंधरा-वीस घरांच्या वह्या एकत्र करून ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठराव, वह्यांची बेरीज आणि सरकारी किमान वेतनाचा चालू दर असे तीन कागद कामगार अधिकारी आणि तहसीलदारांकडे द्यावेत. तो दर विचारताना मूळ वेतनात विशेष भत्ता, म्हणजे महागाईपोटीची भर, धरली आहे ना हे पाहावं. ती दर सहा महिन्यांनी बदलते. अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.